उघड्या हवेत रॅफ्ट: ग्लुकोज ऑक्सिडेज वापरून नियंत्रित रॅडिकल पॉलिमरायझेशन कसं करायचं

रॅफ्ट किंवा एटीआरपी (साखळीची लांबी ताब्यात ठेवून पॉलिमर बनवायच्या दोन पद्धती) शिकताना पॉलिमरच्या आधी हाताला वळण लागतं ते ऑक्सिजन काढण्याचं. श्लेंक लाइन (निर्वात आणि नायट्रोजन देणारी काचेच्या नळ्यांची जोडणी), द्रव नायट्रोजन, गोठवा-खेचा-वितळवा अशी तीन आवर्तनं, नाहीतर सेप्टममधून (रबरी बुचातून) सुई घालून अर्धा तास नायट्रोजनचे बुडबुडे. वीस मिलीच्या फ्लास्कला हे ठीक आहे. पण ९६ खळ्यांच्या प्लेटमध्ये, प्रत्येक खळ्यात शंभर मायक्रोलिटर द्रावण असेल, तर बुडबुडे सोडायचे कुठे? द्रावण तेवढ्यात उडून जाईल. एन्झाइमची युक्ती कामाला येते ती इथे. ग्लुकोज ऑक्सिडेज आणि ग्लुकोज थेट मिश्रणात घालायचं, ऑक्सिजन तिथल्या तिथे संपतो आणि पॉलिमरायझेशन झाकण लावलेल्या साध्या कुपीत चालतं.

२०१४ मध्ये रॉबर्ट चॅपमन, अ‍ॅडम गॉर्मली आणि मॉली स्टीव्हन्स यांच्या गटाने रॅफ्टसाठी ही पद्धत नीट मांडली. २०१८ मध्ये क्रिस्टोफ मात्यशेव्स्की यांच्या गटाने एटीआरपीसाठी तशीच योजना दाखवली. आता ती पुष्कळ ठिकाणी वापरात आहे, पण बऱ्याच कृतींमध्ये एका गोष्टीकडे दुर्लक्ष होतं. ऑक्सिजन काढणं हा सोपा भाग आहे. त्याच्या जागी तयार होणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडचा हिशेब ठेवणं हे खरं काम. या लेखात मी वारंवार त्याच हिशेबाकडे येणार आहे.

आधी आकडे

ऑक्सिजनचा रेणू कार्बनवरच्या रॅडिकलला (साखळीच्या वाढत्या, जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेल्या टोकाला) सेकंदाला, मोलरमागे, सुमारे १०⁹ या वेगाने चिकटतो. साखळी वाढण्याचा वेग मोनोमरनुसार (ज्या छोट्या रेणूंची साखळी बनते त्यांच्यानुसार) १०² ते १०⁴ च्या घरात, फारच चपळ मोनोमर असला तर थोडा वर. ऑक्सिजन चिकटल्यावर जे पेरॉक्सिल रॅडिकल बनतं ते पुढे मोनोमर जोडायला फारसं उत्सुक नसतं. म्हणून ऑक्सिजन आहे तोवर साखळी वाढत नाही.

आता किती ऑक्सिजन आहे ते पाहू. २५ अंश सेल्सिअसला हवेशी समतोलात असलेल्या पाण्यात तो लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम, म्हणजे ०.२६ मिलिमोलर असतो. फारसा वाटत नाही. पण द्रावणावरच्या मोकळ्या जागेतली हवा पाहा: एक मिली हवेत साधारण ८.६ मायक्रोमोल ऑक्सिजन, तर एक मिली पाण्यात फक्त ०.२६ मायक्रोमोल. म्हणजे पाच मिली द्रावणात १.३ मायक्रोमोल आणि वरच्या एका मिली हवेत त्याच्या सहापटीहून जास्त. कुपी अर्धी रिकामी ठेवणं ही या पद्धतीतली सगळ्यात महाग चूक आहे आणि ती कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण मिश्रण तर सारखंच दिसतं.

एन्झाइमशिवाय काय होतं तेही याच आकड्यांतून कळतं. पुढच्या कृतीत इनिशिएटर (फुटून रॅडिकल्स देणारा रेणू) ०.५ मिलिमोलर आहे. ४४ अंशांना त्याचा अर्धायुकाल १० तास. चार तासांत त्यातला सुमारे चौथा भाग फुटतो आणि निम्मी कार्यक्षमता धरली तर उपयोगी रॅडिकल्स मिळतात जेमतेम ०.१२ मिलिमोलर. समोर द्रावणातला आणि वरच्या हवेतला मिळून २ मिलिमोलरच्या तोडीचा ऑक्सिजन उभा. ही लढत रॅडिकल्स जिंकूच शकत नाहीत.

एन्झाइम नेमकं काय करतं

ग्लुकोज ऑक्सिडेज हे अ‍ॅस्परजिलस नायजर या बुरशीपासून मिळणारं, दोन उपघटकांचं, सुमारे १६० किलोडाल्टनचं प्रथिन. त्याच्या गाभ्यात एफएडी हा सहघटक असतो. ते बीटा-डी-ग्लुकोजचं ग्लुकोनोलॅक्टोन करतं आणि त्यातून मिळालेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देऊन हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं. लॅक्टोनचं पाण्यात हळूहळू ग्लुकोनिक आम्ल होतं. म्हणजे संपवलेल्या प्रत्येक ऑक्सिजनमागे एक पेरॉक्साइड आणि एक आम्ल पदरात पडतं.

एक मायक्रोमोलर एन्झाइम आणि भरपूर ग्लुकोज असेल तर विरघळलेला ऑक्सिजन काही सेकंदांतच तळाला जातो. ग्लुकोज मात्र खरंच भरपूर लागतं. ऑक्सिजनच्या मानाने नव्हे, तर एन्झाइमची ग्लुकोजवरची पकड ढिली असते म्हणून. त्याचा मायकेलिस स्थिरांक (ज्या प्रमाणाला एन्झाइम निम्म्या वेगाने चालतं ते) २५-३० मिलिमोलरच्या आसपास आहे. म्हणून कृतींमध्ये १०० मिलिमोलर दिसतं. ती उधळपट्टी नाही.

आता पेरॉक्साइड. रॅफ्ट एजंट म्हणजे साखळीच्या वाढीवर ताबा ठेवणारा रेणू. त्यातला थायोकार्बोनिलथायो हा गंधकयुक्त गट पेरॉक्साइडने ऑक्सिडाइझ होतो. पाच मिली द्रावण आणि एक मिली हवा मिळून १० मायक्रोमोल ऑक्सिजन धरा. सगळ्याचं पेरॉक्साइड झालं तर द्रावणात २ मिलिमोलर पेरॉक्साइड. शंभर एककांच्या साखळीसाठी रॅफ्ट एजंट १० मिलिमोलर असतो. सगळं पेरॉक्साइड त्याच्याच मागे लागलं तर पाचवा भाग धोक्यात. हजार एककांची साखळी हवी असेल तर एजंट एक मिलिमोलर, आणि पेरॉक्साइड त्याच्या दुप्पट. म्हणून छोट्या साखळ्यांना सुंदर चाललेली कृती लांब साखळ्यांना अचानक फसते. लोक मोनोमरला दोष देतात, एन्झाइम जुनं झालं म्हणतात. कारण बहुधा या त्रैराशिकात असतं.

एटीआरपीमध्ये प्रकार आणखी वाईट. तिथला उत्प्रेरक तांबे(१) आणि पेरॉक्साइड एकत्र आले की फेंटनसारखी अभिक्रिया होऊन हायड्रॉक्सिल रॅडिकल्स निघतात आणि नको त्या नव्या साखळ्या सुरू होतात. म्हणूनच मात्यशेव्स्की गटाने सोडियम पायरुव्हेट जोडीला घेतलं. ते पेरॉक्साइडशी अभिक्रिया करून अ‍ॅसिटेट, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी देतं.

रॅफ्टसाठी माझी पसंती कॅटालेजला. ते दोन पेरॉक्साइडपासून दोन पाणी आणि एक ऑक्सिजन देतं. ऑक्सिजन परत येतो हे पाहून काही जण बिचकतात, पण निम्माच परत येतो, त्याचा पुन्हा निम्मा, आणि शेवटी सगळ्याचं पाणी होतं. किंमत एवढीच की ग्लुकोज दुप्पट लागतं आणि आम्लही दुप्पट बनतं. १० मायक्रोमोल ऑक्सिजनला २० मायक्रोमोल. कृतीत ग्लुकोज ५०० मायक्रोमोल आहे, तेव्हा चिंता नाही. बाजारातल्या साध्या प्रतीच्या ग्लुकोज ऑक्सिडेजमध्ये मुळातच थोडं कॅटालेज मिसळलेलं असतं. त्यामुळे शुद्ध प्रतीचं एन्झाइम आणल्यावर निकाल बिघडला, अशी उलटी गोष्टही घडू शकते.

सामग्री आणि तयारी

सुरुवातीला एन,एन-डायमिथिलअ‍ॅक्रिलअमाइड घ्यावं. पाण्यात पूर्ण मिसळतं, झटपट वाढतं, एन्झाइमला त्रास देत नाही. खाली ५ मिलीचा हिशेब देतो. हा पाया समजा आणि आपल्या मोनोमरप्रमाणे बदला.

मोनोमर, १ मोलर: ५ मिलिमोल, ०.४९६ ग्रॅम, म्हणजे सुमारे ०.५२ मिली.
रॅफ्ट एजंट, १० मिलिमोलर: २-(ब्यूटिलथायोकार्बोनोथायोइलथायो)प्रोपॅनोइक आम्ल, ११.९ मिलिग्रॅम, ०.२५ मिली डीएमएसओ या द्रावकामध्ये.
इनिशिएटर व्हीए-०४४, ०.५ मिलिमोलर: १० मिलिमोलरच्या ताज्या द्रावणातून ०.२५ मिली.
ग्लुकोज, १०० मिलिमोलर: १ मोलर द्रावणातून ०.५ मिली.
फॉस्फेट बफर, शेवटी ०.१ मोलर, पीएच ६.५: ०.२ मोलरचं २.५ मिली.
ग्लुकोज ऑक्सिडेज, १ मायक्रोमोलर: ०.८ मिलिग्रॅम, मिलीला ४ मिलिग्रॅमच्या द्रावणातून ०.२ मिली.
कॅटालेज: थोडंसं, त्याच बफरमध्ये विरघळवून.
बाकी पाणी, एकूण ५ मिली होईपर्यंत.

ग्लुकोजचं द्रावण आदल्या दिवशी करून ठेवा. बाटलीतली पूड बहुतेक अल्फा रूपात असते आणि एन्झाइमला बीटा रूपच चालतं. पाण्यात ठेवल्यावर दोन्ही रूपं हळूहळू समतोलाला येतात, साधारण ३६ टक्के अल्फा आणि ६४ टक्के बीटा. आत्ताच विरघळवलेलं ग्लुकोज वापरलं तर एन्झाइम सुरुवातीला अर्धपोटी राहतं, आणि मग इंडक्शनचा (पॉलिमरायझेशन सुरू होण्याआधीचा) काळ का लांबला याचं कारण शोधत बसावं लागतं.

रॅफ्ट एजंट आम्ल आहे, ५० मायक्रोमोल. ते बफर खाऊन टाकेल, म्हणून १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचे ५० मायक्रोलिटर आधी बफरमध्ये मिसळा आणि मग एजंट घाला. एजंटवर थेट अल्कली ओतू नका. एजंटमधल्या ट्रायथायोकार्बोनेट गटाला ते सोसत नाही. पीएच ६.५ निवडण्यामागेही हेच आहे. एन्झाइम ५.५ च्या आसपास सर्वात खूश असतं, ४ ते ७ पर्यंत बरं चालतं, आणि पीएच जितका वर तितकं एजंटचं जलविच्छेदन जास्त.

बफर म्हणून ट्रिस टाळा. त्यात प्राथमिक अमाइन आहे आणि अमाइन ट्रायथायोकार्बोनेट तोडतं. एन्झाइमच्या बाटलीत टिकाऊपणासाठी सोडियम अझाइड घातलंय का तेही पाहा. अझाइड कॅटालेजला बंद पाडतं.

मोनोमर साठवणीत आपोआप जोडला जाऊ नये म्हणून घातलेल्या एमईएचक्यू या प्रतिबंधकाबद्दल एक बारकावा. तो ऑक्सिजन असतानाच नीट काम करतो. एन्झाइमने ऑक्सिजन संपवला की त्याचा धाक जवळजवळ जातो. तरी वेग पुन्हा पुन्हा सारखा यायला हवा असेल तर बेसिक अ‍ॅल्युमिनाच्या छोट्या स्तंभातून मोनोमर गाळून घ्या. आणि याच कारणासाठी ऑक्सिजन काढलेलं मिश्रण बाकावर ‘नंतर बघू’ म्हणून ठेवू नका.

एन्झाइमची पूड उडवू नका. श्वासातून गेली तर अ‍ॅलर्जी जडू शकते. अ‍ॅक्रिलअमाइड वर्गातल्या मोनोमरना हातमोजे आणि धूर-कपाट हवंच.

प्रत्यक्ष कृती

कुपी अशी निवडा की ५ मिली भरल्यावर वर एक मिलीहून जास्त जागा उरणार नाही. अरुंद आणि उंच असेल तर उत्तम.

बफर आणि अल्कली, मग एजंटचं द्रावण, मग मोनोमर, पाणी, ग्लुकोज, कॅटालेज, इनिशिएटर असा क्रम ठेवा. एजंट पिवळा असतो. द्रावण एकसारखं, स्वच्छ पिवळं दिसलं पाहिजे. गढूळ असेल तर इथेच थांबा, कारण न विरघळलेला एजंट पुढे साखळीची लांबी बिघडवतो. ग्लुकोज ऑक्सिडेज सर्वांत शेवटी घाला. झाकण लावा, कुपी दोनदा हलकेच उलटी-सुलटी करा.

खोलीच्या तापमानाला दहा मिनिटं तशीच राहू द्या. व्हीए-०४४ या तापमानाला फारच हळू फुटतं, त्यामुळे नुकसान नाही, आणि एन्झाइमला वरची हवा गिळायला वेळ मिळतो. मग ४५ अंशांच्या पाण्यात ठेवा.

ढवळू नका. हे वाचून पॉलिमरवाल्यांना अस्वस्थ वाटतं, पण कुपी पूर्ण हवाबंद नसेल तर चुंबकाची कांडी फिरवून तुम्ही दर मिनिटाला नवा ऑक्सिजन आत ओढता. एन्झाइम तोही संपवेल, पण पेरॉक्साइड आणि आम्ल वाढत जाईल. स्थिर द्रावणात ऑक्सिजनला पृष्ठभागावरून आत झिरपावं लागतं आणि वरच्या पातळ थरातच त्याचा निकाल लागतो. एवढ्या लहान आकारमानात उष्णतेचीही अडचण येत नाही.

अर्ध्या अर्ध्या तासाने ५० मायक्रोलिटर नमुना काढा, जड पाण्यात विरळ करा, एनएमआर घ्या. ५.७ ते ६.७ पीपीएममधल्या व्हिनिल प्रोटॉनची पॉलिमरच्या संकेतांशी तुलना केली की रूपांतरण कळतं. नमुना काढताना झाकण उघडलं तर हवा आत जाते. थोडी गेली तर बिघडत नाही, मुळात ही पद्धत त्यासाठीच आहे. पण दहा नमुने हवे असतील तर दहा छोट्या कुप्या लावणं शहाणपणाचं. दोन ते चार तासांत बहुतेक मोनोमर संपायला हवा.

९० टक्के रूपांतरणाला अपेक्षित सरासरी रेणुभार: १०० × ०.९ × ९९.१ + २३८, म्हणजे सुमारे ९,१६०. इनिशिएटरमुळे आलेल्या साखळ्या ०.१२ मिलिमोलर, एजंट १० मिलिमोलर. म्हणजे मृत साखळ्या एक टक्क्याच्या आसपास. मोजलेला रेणुभार अपेक्षेहून बराच जास्त निघाला तर काही एजंट नष्ट झालाय असं समजा.

तुलनेसाठी काय लावायचं

एकटी कुपी काही सिद्ध करत नाही. सोबत किमान तीन हव्यात: एन्झाइम नसलेली, ग्लुकोज नसलेली, आणि एन्झाइमशिवाय पण नायट्रोजनने नीट शुद्ध केलेली. पहिल्या दोन्ही निष्क्रिय राहिल्या पाहिजेत किंवा फार उशिरा सुरू झाल्या पाहिजेत. तिसरी आणि तुमची मुख्य कुपी यांचे वेग आणि एसईसीचे (रेणूंना आकारानुसार वेगळं करणाऱ्या चाचणीचे) आलेख जवळपास एकावर एक बसले पाहिजेत. मुख्य कुपीच्या आलेखाला उंच रेणुभाराकडे खांदा दिसत असेल आणि नायट्रोजनवालीला नसेल, तर पुन्हा पेरॉक्साइडकडे बघा. पेरॉक्साइड मोजायच्या चाचणी पट्ट्या मिळतात. अभिक्रियेनंतर एक बुडवून पाहायला मिनिटही लागत नाही.

डोळ्यांनी करायची तपासणी याहून सोपी. ट्रायथायोकार्बोनेट अतिनील वर्णपटात ३०५ ते ३१० नॅनोमीटरला शोषण दाखवतो. अभिक्रियेच्या आधी आणि नंतर, सारख्याच विरलतेला, मोजा. पिवळा रंग फिका पडला आणि हा आकडाही घसरला, तर साखळीची टोकं गेली.

सुरूच झालं नाही तर

एन्झाइम मेलंय का हे आधी तपासा. बाटलीवरची क्रियाशीलता युनिटमध्ये असते. एक युनिट म्हणजे ठराविक पीएच आणि तापमानाला मिनिटाला एक मायक्रोमोल ग्लुकोज ऑक्सिडाइझ करणारं एन्झाइम. वजनापेक्षा युनिटवर विसंबा, कारण प्रतीप्रमाणे मिलिग्रॅममागे क्रियाशीलता बरीच बदलते. ऑक्सिजनमापकाचा प्रोब हाताशी असेल तर मोनोमर नसलेल्या द्रावणात एन्झाइम घालून आकडा खाली पडतो का ते पाहा. पडत असेल आणि मोनोमर घातल्यावर पडत नसेल, तर मोनोमर किंवा सहद्रावकच एन्झाइमला मारतोय.

तापमानही बघा. ४५ अंशांना काही तास हे प्रथिन टिकतं, पण ७० अंशांना एआयबीएन या इनिशिएटरसोबत चालवायचा मोह आवरा. अ‍ॅक्रिलिक आम्लासारखा आम्लधर्मी मोनोमर असेल तर तो आधी उदासीन करा, नाहीतर बफरचा निभाव लागणार नाही.

प्लेटमध्ये उतरताना

खळी शक्य तितकी भरा आणि वर चिकट फिल्म लावा. प्लास्टिक स्वतः ऑक्सिजन साठवतं आणि झिरपू देतं, म्हणून इथे ऑक्सिजनचा ओघ संपत नाही; सतत चालू राहतो. त्यामुळे कॅटालेज किंवा पायरुव्हेट ऐच्छिक उरत नाही आणि बफरची ताकद वाढवावी लागते. कडेच्या खळ्यांतून पाणी जास्त उडतं. त्या नुसत्या बफरने भरून सोडून द्या.

आम्लाचीच अडचण असेल तर पायरॅनोज २-ऑक्सिडेज हा चांगला पर्याय आहे. ते ग्लुकोजची अल्फा, बीटा दोन्ही रूपं घेतं आणि आम्ल बनवत नाही, म्हणून पीएच जागेवर राहतो. पेरॉक्साइड मात्र तेही बनवतं. झेशेंग आन यांच्या गटाने २०१७ मध्ये या पेरॉक्साइडलाच कामाला लावलं: हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज आणि अ‍ॅसिटिलअ‍ॅसिटोन जोडीला घेऊन त्यातून रॅडिकल्स काढली, आणि अतिउच्च रेणुभाराचे पॉलिमर व अनेक खंडांच्या (वेगवेगळ्या मोनोमरच्या सलग तुकड्यांच्या) साखळ्या बनवून दाखवल्या. कृती म्हणून ते जास्त नाजूक आहे. वरची साधी पद्धत हातात बसल्यावरच तिकडे वळा.

एन्झाइम वेगळं करणं

नेहमीच्या ३.५ किलोडाल्टनच्या पिशवीतून डायलिसिस केल्यास ग्लुकोज, मीठ, उरलेला मोनोमर निघून जातो. एन्झाइम पॉलिमरसोबत आतच राहतं. पॉलिमर छोटा असेल तर १०० किलोडाल्टनच्या अल्ट्राफिल्ट्रेशन पडद्यातून गाळा: पॉलिमर खाली, एन्झाइम वर. सेंद्रिय द्रावकात एसईसी करायची असेल तर नमुना आधी सुकवा, त्या द्रावकात विरघळवा, प्रथिन विरघळत नाही ते ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरवर अडवा. हे न करता थेट नमुना सोडला तर स्तंभ तुंबतो, आणि एसईसीचे स्तंभ स्वस्त नसतात.

दुसरा खंड जोडायचा असेल तर शुद्धीकरणाची घाई नको. पहिला मोनोमर ९५ टक्क्यांच्या वर संपला की दुसरा मोनोमर, थोडं ताजं इनिशिएटर आणि बफर त्याच कुपीत घाला. नव्या द्रावणाबरोबर आलेला ऑक्सिजन आधीचंच एन्झाइम संपवेल. फक्त आकारमान वाढल्यावर ग्लुकोज ५० मिलिमोलरच्या खाली जात नाही ना, आणि कुपीत वर पुन्हा जेमतेम एक मिलीच हवा उरते ना, एवढं पाहा. जागा कमी पडत असेल तर पहिला खंड ३ मिलीवरच करा.